कातळावरची पावलं

फार जुनी गोष्ट. तेव्हा रानात चांगलं पाणी कुठे आहे, हे टिटवीला विचारायची पद्धत होती. टिटवी वर एक घिरटी घालायची आणि ज्या पाणवठ्याच्या काठावर पावलं जास्त, त्याचं नाव पहिलं सांगायची.

कातळावरच्या झऱ्यात राहणाऱ्या बेडकाला हे काही केल्या कळेना. त्याच्या झऱ्याचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ. एक हरिणी तर रोज पाडसाला घेऊन तिथेच यायची. तरी झऱ्याचं नाव शेवटी, आणि रानडुकरं लोळतात त्या घाणेरड्या डबक्याचं पहिलं!

"टिटवीताई, एकदा चाखून तरी बघा," तो म्हणाला.

"सगळीकडचं पाणी चाखत बसले तर सांगू कधी? मी पावलं बघते."

"अहो, पण कातळावर पावलं उमटतात का?"

"उमटली नाहीत म्हणजे कुणी आलंच नाही," असं म्हणून टिटवी उडाली.

बेडूक चक्रावला. शेवटी त्याने डबक्यातल्या रानडुकरांनाच बोलावलं. ती चिखलाने माखलेली आली आणि झऱ्यात, काठावर मनसोक्त लोळली. कातळावर चिखलाचा थर बसला, त्यावर पावलंच पावलं उमटली. टिटवीने झऱ्याचं नाव पहिलं घेतलं आणि सगळं रान तिथे लोटलं.

त्या गर्दीत हरिणीही आली. पाडसाने पाण्याला तोंड लावलं आणि लगेच मागे घेतलं. हरिणी गोंधळून म्हणाली, "बेडूकदादा, इथे एक झरा होता ना?"

"हाच तो! आता पहिला आहे."

"मग त्यातलं पाणी कुठे गेलं?"

बेडकाने वाकून पाहिलं. त्याला स्वतःचं तोंडही दिसेना.