नानासाहेबांचा हसरा फोटो

सरकारी दवाखान्यासमोर पेशंटच्या नातेवाइकांसाठी फुकट जेवण सुरू झालं. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब गुळवे म्हणाले, "बोर्डावर माझा मोठा हसरा फोटो टाक. खाली लिही, 'सेवेची अखंड ज्योत'."

बोर्ड करणारी रेवती म्हणाली, "आणि जेवणाचं?"

"लोकांना समजतं गं!"

लोक आले, फोटोला हात जोडून उपाशीच परत गेले. आमटी तशीच राहिली.

"जेवत का नाहीत?" नानासाहेब कडाडले.

"तेराव्याचं समजतात. पेशंट आत असताना असलं कोण जेवेल?"

"मी जिवंत आहे म्हणून सांग!"

"सांगितलं. पटत नाही. रोज फोटोखाली उभं राहून तुम्हीच वाढा, नाहीतर फोटो काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी नवा बोर्ड लागला: 'पेशंटसोबत आलात? इथे फुकट जेवा.'

खाली बारीक अक्षरांत होतं, 'इथे कोणीही वारलेलं नाही.'