निंबळवाडीची बिनफोडणीची नवमी

आज माघ वद्य नवमी. निंबळवाडीत आज एकाही घरात फोडणी पडायची नाही. भाकरी, शिजवलेली डाळ, मीठ, कांदा, संपलं. तुम्ही कंपनीची माणसं आमचे आठही तेलघाणे एकदम विकत घ्यायला आलात, आणि आलात तेही नेमके आजच. आता बसा. घाणेवाल्यांत वयाने मी थोरला, म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पण आधी ऐका.

फार पूर्वीही इथे आठच घाणे होते, आठ घरांचे. आसपासची गावं करडईचं तेल इथूनच न्यायची. त्यातला एक घाणा रावजी शेटचा. तोही तेलीच, आमच्याच भावकीतला, खोटं कशाला सांगू? माणूस हुशार. त्याने पदरमोड करून तेल इतकं स्वस्त विकलं की बाकीच्यांच्या दारात गिऱ्हाईक फिरकेना. गाव खूश. शेट देवमाणूस आहे म्हणत आमचेच पूर्वज मडकी घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. ती चूक गावाची, म्हणून तर आज आम्ही कोरडं खातो. एकेक घाणा बंद पडला की शेट तो विकत घ्यायचा. असे सहा घेतले. मग भाव असा चढवला की पणतीत तेल घालताना बायका हात आखडू लागल्या. तक्रार करून जाणार कुठे?

आठवा घाणा हौसाबाईचा. नवरा गेलेला, पदरात दोन मुली. शेटने गाडीवानांना दम दिला, तिच्या दारी करडई उतरवाल तर माझं भाडं विसरा. ती डोक्यावरून पाट्या वाहू लागली. तिचा बैल मेला, तर शेटच्या धाकाने कुणी बैल देईना. तेव्हा तिने घाण्याचं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं, असं सांगतात.

शेट बघायला आला. म्हणाला, "हौसाबाई, घाणा मला दे. मुलींसकट तुला जन्मभर जेवू घालतो."

ती फिरता फिरताच म्हणाली, "जेवण नको भाऊजी. माझ्या दारातून हाकललेलं गिऱ्हाईक तेवढं परत द्या."

हे बायकांनी पाहिलं. तो दिवस नवमीचा. पाणवठ्यावरच ठरलं, शेटचं तेल घ्यायचं नाही. हौसाबाईचं सगळ्यांना पुरत नाही, तर फोडणीच नको. एकवीस दिवस गावाने म्हणे बिनफोडणीचं खाल्लं. पुरुष कुरकुरले, पण वाढणाऱ्या हाताशी कोण भांडणार? आणि रोज एका घरची दोन माणसं हौसाबाईचा घाणा ओढायला जायची. गाडीवानही वळले. शेटच्या रांजणांतलं तेल खवट झालं. बाविसाव्या दिवशी त्याच्याच बायकोने त्याच्यापुढे कोरडी डाळ ठेवली. म्हणाली, "मीही याच गावात राहते." शेट जेवला नाही. उठला, चावडीवर गेला आणि सहा घाणे सोडून दिले.

ते ज्याचे त्याला मिळाले. शेटचा स्वतःचा घाणा मात्र गावाने शेटलाच ठेवला. त्याला उपाशी मारायचं नव्हतं, गिऱ्हाइकाला आठ दारं हवी होती. मग देवळात शपथ झाली. एका माणसाचा एकच घाणा, आणि घाणेवाल्यांनी आपसात बसून भाव ठरवायचा नाही.

हे साहेब अमेरिकेत शिकून आलेत ना? तिथेही म्हणे असा कायदा आहे, आणि तेलाच्याच एका मोठ्या कंपनीचे कोर्टाने तुकडे केले होते. मान हलवताय, म्हणजे खरं असणार. मग जे तिथे चाललं नाही ते आमच्या गळ्यात का मारताय?

आजही आम्ही आठ जण भावावरून रोज भांडतो. शेजारचा विठोबा माझ्याहून स्वस्त विकतो. मी त्याला शिव्या घालतो आणि मुकाट्याने माझा भाव उतरवतो. तुमची रक्कम मोठी आहे, मला ती हवीही होती. गुडघे गेलेत, मुलगा शहरातून परत यायचा नाही. तुमचा निरोप आला तेव्हापासून दोन रात्री झोप लागली नाही मला. पण मी रावजी शेटच्या वंशातला. ज्या घाण्यावर तुम्ही हात ठेवून बसला आहात, तो गावाने त्याला ठेवलेला घाणा. गावाने ठरवलं असतं तर आमचं घर तेव्हाच उठलं असतं. आठांच्या वतीने सांगतो, घाणे विकायचे नाहीत. आणि माझ्या वतीने वेगळं सांगतो, आमच्या घरातून ते पाप पुन्हा व्हायचं नाही.