देवाचा उजवा, आपला उजवा

एकदा एक वृद्ध चित्रकार होते. देवळांच्या आणि घरांच्या भिंती रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. आणि दर रविवारी सकाळी लोकांना गल्लीबोळांतून हिंडवून भिंतींवरची चित्रे दाखवणे, हे त्यांचे व्रत. गाव त्याला चित्रफेरी म्हणे. व्रतच ते, कारण अंगात कणकण असली तरी फेरी चुकत नसे.

त्यांच्या शिष्येने प्रथमच एक भिंत स्वतंत्रपणे रंगवली होती. ती भिंत गल्लीतल्या द्वारकाबाईंच्या घराची. त्यांनी सुनेची सुखरूप सुटका व्हावी म्हणून नवस बोलला होता. बाळ-बाळंतीण खुशाल होती, म्हणून दाराशेजारच्या भिंतीवर त्यांनी शिष्येकडून गणपती काढून घेतला. रविवारी सकाळी चित्र पुरे झाले. शेजारीण ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि बघतच राहिली.

"अगं बाई! सोंड उजवीकडे? द्वारकाबाई, उजव्या सोंडेचा फार कडक असतो हो. रोज सोवळ्यातली पूजा लागते त्याला."

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. "नातवाचं करता करता माझी वेणी व्हायची राहते, मी सोवळं कसलं पाळणार? आणि काही चुकलं, तर बाळालाच..." त्यांनी आत पाळण्याकडे पाहिले. "पोरी, राग मानू नकोस. मी चुना कालवते. पुसून टाक हे."

"तुमच्या देव्हाऱ्यातल्या गणपतीची सोंड बघा ना कुठं आहे," शिष्या काकुळतीने म्हणाली.

"आमच्याकडे सुपारी आहे गं. सुपारीला कसली आलीय सोंड?"

रेषांवर भोके टोचलेल्या कागदावरून कोळशाची पूड फिरवून आकृती भिंतीवर उतरवायची, ही गुरुजींची रीत. तो कागद उलटा लागला, की सगळे चित्रच फिरते. आपल्या हातून तेच झाले असणार, असे शिष्येने धरूनच टाकले. पहिल्याच भिंतीवर आपल्याच हाताने चुना फासायचा! तिने डोळे पुसले आणि कुंचला उचलला.

इतक्यात चित्रफेरी तिथे येऊन पोहोचली. गुरुजींनी सगळे, शिष्येची उलट्या कागदाची शंकाही, ऐकून घेतले, एकवार चित्राकडे पाहिले आणि तिला म्हणाले, "चपला काढ. भिंतीला लागून उभी राहा. तोंड आमच्याकडे."

"अहो गुरुजी, देवाकडे पाठ?" शेजारीण चरकली.

"आजच्या दिवस बाप्पा चालवून घेतील."

शिष्या संकोचत गणपतीच्या बाजूला, गणपतीसारखीच लोकांकडे तोंड करून उभी राहिली.

"आता मान वळवून बघ. सोंड ज्या अंगाला वळली आहे, तो हात वर कर."

तिने पाहिले. हात वर केला. आणि वर गेलेल्या त्या हाताकडे ती बघतच राहिली.

"गुरुजी, हा तर डावा!"

"डावाच," गुरुजी हसले. "कागद सुलटाच लागला होता, बाळ. दर्शनाला आपण देवासमोर उभे राहतो आणि देवाचे उजवे-डावे मात्र आपल्या हातांनी ठरवतो. आपला उजवा तो त्याचा डावा. मी इतकी माणसे या गल्लीतून फिरवली, सगळ्यांना चित्रासमोर उभे केले. चित्राच्या जागी उभे राहून पाहावे, हे मलाही आजच सुचले. नुसते तोंडाने सांगितले असते, तर तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास. आता तुझा विश्वास तुझ्याच हातावर बसला."

शेजारणीने हळूच भिंतीशी जाऊन स्वतःचा हात वर करून पाहिला आणि जीभ चावली. "मेलं, माझंच चुकलं की!"

"सुटले गं बाई," म्हणत द्वारकाबाई ओट्यावर मटकन बसल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली, "आण गं बाळाला बाहेर. आपल्या बाप्पाला बघू दे."

शिष्येने कुंचला खाली ठेवला. फेरीतली माणसे पुढच्या चित्राकडे निघाली, तेव्हा गुरुजी मागे सरकून चालू लागले आणि तिला म्हणाले, "हो पुढे. पुढचे चित्र तू दाखव."

घरात कुणी चुकल्यासारखे वाटले, की बोलण्याआधी क्षणभर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे. पुष्कळदा सोंड डावीच निघते.