जॅक, लिंबू आणि पाटा

डिझेल गाड्या अंगणात येऊन उभ्या राहू लागल्या होत्या आणि हत्यारं आपापसांत बोलायची, त्या काळातली ही गोष्ट.

उतरत्या अंगणात हणमंतराव गाडीला नवा, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवायला निघाले. त्यांनी हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीची मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली शिरले.

जॅकच्या लक्षात आलं. हँडब्रेक धरतो मागची चाकं, आणि ती तर हवेत!

“अरे, गाडी धरलीय कोणी?” तो कण्हला.

“मी आहे ना!” लिंबू म्हणालं.

“मी गरजलो की अख्खी गल्ली दचकेल,” नवा सायलेन्सर फुशारला.

जुन्याचा गंजलेला नट सुटेना. हणमंतराव हिसके देत होते आणि प्रत्येक हिसक्याला जॅक कलत होता.

कुमुदताई चहा घेऊन आल्या. गाडी हलताना पाहून त्यांनी कप तिथेच टेकवला आणि मोरीजवळचा जड पाटा ओढत आणून चाकापुढे सरकवला. पुढच्याच हिसक्याला गाडी बोटभर घसरली, लिंबू चिरडलं आणि चाक पाट्याला थडकून थांबलं.

हणमंतराव घामाघूम होऊन बाहेर आले. चिरडलेलं लिंबू पाहून त्यांनी हात जोडले. “बघितलंस? सगळं स्वतःवर घेतलं त्यानं!”

“अहो, तो पाटा...”

“हो, तो ने आधी, पायात येतोय. आणि पुढच्या रविवारी ब्रेक बदलायचेत, दोन लिंबं आणून ठेव.”

पाटा मोरीकडे निघाला. जॅक गाडी तोलत बघत राहिला.