राजपुत्राच्या कागदावरचा चहा

एकदा एक वृद्ध गुरुजी होते. एवढं वाचून वटवृक्ष, पर्णकुटी आणि संथ वाहणारी नदी तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असेल, तर ती तूर्त बाजूला ठेवा. आमचे गुरुजी दर रविवारी दुपारी तीन वाजता एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या माडीवर बसत. त्यांच्या पुढ्यात पोथी नसे, फाशांची थैली असे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चारपाच शहाणीसुरती माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगू लागतो. समोर अरण्य आहे, अरण्यात राक्षस आहेत, बोला, काय करता? बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात, कोणी योद्धा तर कोणी चोर, आणि त्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. केलेलं धाडस साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. पात्राचं बळ, विद्या, शस्त्रं हे सारं एका कागदावर लिहिलेलं असतं. पोरखेळ म्हणाल तर म्हणा. मीही तसंच म्हणत, एक पुस्तक परत करायला गेलो असता, सहज त्या माडीवर डोकावलो होतो. त्या दुपारी जे पाहिलं ते आठवलं की आजही मी बसल्या जागी सरसावून बसतो.

गुरुजींचा आवाज वयोमानाने बसू लागला होता. दोन वर्षं रंगवत आणलेली कथा त्यांनी सहा महिन्यांपूर्वी आपल्या शिष्याच्या हाती दिली होती. ‘हा प्रवास नीट पुढे ने, मग ही थैली तुझी,’ असं ते त्याला म्हणाले होते. शिष्याला त्या थैलीखेरीज दुसरं काही सुचत नसे. बुद्धीने तल्लख, शब्दाचा पक्का, आणि पोटापाण्याचा उद्योग म्हणाल तर खालच्याच मजल्यावर पुस्तकांना क्रमांक घालून ती त्या त्या कपाटात लावण्याचा. या जगात प्रत्येक गोष्टीचा एक खण असतो, अशी त्याची श्रद्धा होती. ती त्या नोकरीने दिली की त्या श्रद्धेने ती नोकरी दिली, देव जाणे.

सूत्रं हाती येताच त्याने भिंतीवर एक तक्ता लावला. तीन उभे खण : सज्जन, मधला, दुर्जन. तीन आडवे : नियम पाळणारा, सोयीने पाळणारा, झुगारणारा. झाली नऊ घरं, आणि त्या नऊ घरांत सारी सृष्टी! गुरुजींना तक्ता आवडला होता. पात्र उभं करताना नवख्या माणसाला आधार होतो, असं ते म्हणाले. शिष्य मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने प्रत्येकाच्या कागदावर, सर्वांत वर, टाकाच्या निळ्या शाईने त्याचा स्वभाव लिहिला आणि नवा नियम केला : जो आपल्या स्वभावाविरुद्ध वागेल, त्याचं बळ त्या क्षणापुरतं निम्मं होईल.

“स्वभावाला औषध नसतं,” तो म्हणाला. आणि हे तो औषधाच्या दुकानाचे मालक हेरंबराव समोर बसलेले असताना म्हणाला.

हेरंबराव राजपुत्र होते : सज्जन, नियम पाळणारा. त्यांच्याकडे पंखांचा घोडा होता, पण तो एका वेळी एकालाच नेई. शाळेतले चित्रकलेचे मास्तर मांत्रिक होते, मधल्या घरातले. आणि पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या शैलाताई मारेकरीण होत्या : दुर्जन, नियम झुगारणारी. ताई इतक्या मऊ बोलत की त्यांच्या तोंडी खुनाची भाषा ऐकून हसू यावं. पण कागदावर दुर्जन लिहिलं होतं ना! गेले सहा महिने पहाऱ्यावर कोणी त्यांना एकटं बसू देत नव्हतं, आणि लुटीतलं काही हरवलं की सगळे आधी त्यांच्याकडे बघत. अलीकडे ताई मागच्या खुर्चीवर सरकून बसू लागल्या होत्या. ‘पुढच्या महिन्यापासून मला जमेलसं वाटत नाही,’ असं त्यांनी मास्तरांच्या कानावर घातलंही होतं.

त्या रविवारचा प्रसंग असा. तिघांनी राक्षसांच्या कैदेतून सात मुलं सोडवली होती. मास्तरांनी त्या सातही जणांची चित्रं काढून आणली होती, एकाच्या नाकावर तीळसुद्धा होता. पुढे दरी, खाली धगधगती नदी, आणि दोन्ही कड्यांवरच्या खुंट्यांना बांधलेला एकच जाड दोर. राजपुत्र घोड्यावर बसून आधी पलीकडे गेला. मागून मांत्रिक सात मुलांना घेऊन दोरावर निघाला. मध्यावर आले, आणि शिष्याने टेबलावर थाप मारली.

“अलीकडची खुंटी उखडली!”

मास्तर खुर्चीतून उठले. “अहो, पोरं आहेत दोरावर!”

“दोर सुटतोय. अलीकडे फक्त मारेकरीण आहे. मागून राक्षसांची सेना दोनशे पावलांवर. ताई, तुमच्याकडे अदृश्य व्हायची विद्या आहे. दोर सोडून दिलात तर तुम्ही सहीसलामत निसटू शकता. बोला.”

शैलाताई पुढे सरकल्या. “धरते.”

“काय?”

“दोर धरते. दोन्ही हातांनी. पाय दगडाला लावून.”

शिष्याने कागद पाहिला, तक्त्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. खोटं का बोलू, मला त्याची कीव आली. तो दुष्ट नव्हता, तो फक्त नियमाशी प्रामाणिक होता.

“ताई, हे तुमच्या स्वभावाविरुद्ध आहे. बळ निम्मं होणार. सोळाचं आठ. आणि दोर पेलायला दहा लागतं.”

“म्हणजे तिने सोडला तरी आम्ही मरणार आणि धरला तरी मरणार?” मास्तर ओरडले. त्यांनी सातही चित्रं छातीशी धरली होती. “हा कसला न्याय रे तुझा?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे मास्तर! सहा महिने तुम्हीही तो मानलात. मी केला आणि मीच मोडू?”

“मी धरलाय,” शैलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “आठ तर आठ. सुटेल तेव्हा सुटेल. मी सोडणार नाही.”

एका कथेचाच नव्हे, त्या टेबलाचाही शेवट जवळ आला होता. मास्तर चित्रं पिशवीत भरू लागले. शिष्याची नजर थैलीकडे गेली आणि तिथून खाली वळली.

आणि तेव्हा गुरुजींनी, जे इतका वेळ बशीतला चहा फुंकत बसले होते, एक अजब गोष्ट केली. त्यांनी उजव्या हाताचं बोट चहात बुडवलं, टेबलावर वाकले, आणि समोरच्या कागदावरची वरची ओळ खसाखसा पुसून टाकली. निळी शाई पसरून तिथे तपकिरी डाग उरला.

“गुरुजी!” शिष्य दचकून म्हणाला. “तुमचा कागद चुकला. तो ताईंचा नाही, हेरंबरावांचा आहे!”

“चष्मा आहे माझ्या डोळ्यांवर. राजपुत्राचाच पुसायचा होता.”

गुरुजी हेरंबरावांकडे वळले. “हेरंबराव, राजपुत्र आत्ता काय करतोय?”

हेरंबरावांनी मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले होते. ते घाईघाईने गिळत म्हणाले, “मी? मी पलीकडे आहे ना. पोचलोय केव्हाच.”

“तो आधी का गेला?”

“का म्हणजे... घोडा होता म्हणून.” त्यांनी जरा विचार केला. “खरं सांगायचं तर तसं काही ठरवलं नव्हतं.”

“मास्तर, घोडा शैलाताईंचा असता आणि त्या अशा आधी उडून गेल्या असत्या तर?”

“तर मी बोंब मारली असती!” मास्तर म्हणाले. “बघा, पळाली म्हणून...” आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी हेरंबरावांकडे पाहिलं.

गुरुजी शिष्याला म्हणाले, “तू ते कसं सांगितलंस, आठवतंय? ‘राजपुत्र शौर्याने पुढे झेपावला.’ सात पोरं आणि एकच दोर मागे ठेवून जो निघून गेला, त्याला तू शूर म्हणालास, कारण वर सज्जन लिहिलं होतं. अरे, दुर्जन या शब्दाने ताईंना फार तर दुखवलं. पण त्या जाग्या राहिल्या. प्रत्येक वळणावर त्यांना स्वतःला विचारावं लागलं, मी काय करू? सज्जन या शब्दाने हेरंबरावांना मात्र झोपवलं. सहा महिन्यांत त्यांना कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. ताईंचा कागद मी कशाला पुसू? तो त्या स्वतःच पुसताहेत, निम्म्या बळानिशी. तुझा तक्ता खोटा नाही. माणूस कुठून निघाला ते तो सांगतो. कुठे पोचेल ते सांगू लागला तर आपण जिना चढून वर कशाला यायचं?”

एवढं बोलून त्यांना खोकला आला. शैलाताईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. एका हाताने. दुसरी मूठ, देवाशपथ सांगतो, टेबलाखाली घट्ट आवळलेली होती!

शिष्य उठून उभा राहिला. त्याने नियम मोडला नाही, हे मला फार आवडलं.

“बळ आठ. दोर हातातून सरकतोय. मी तीन मोजेन, मग तो सुटेल. राजपुत्र, तुम्ही पलीकडून सगळं बघताय. तुमच्या कागदावर आता काहीच लिहिलेलं नाही. काय करता? एक!”

हेरंबरावांनी कागदावरच्या डागाकडे पाहिलं.

“दोन!”

“परत जातो!” त्यांची खुर्ची मागे कलंडली. “घोडा वळवतो, अलीकडे येतो, ताईंच्या मागे उभा राहून दोर धरतो!”

“राक्षसांचे बाण सुटलेत. बाराच्या वर पडलं तरच पोचाल!”

हेरंबरावांनी फासा इतक्या जोराने फेकला की तो टेबलावर एकदा आपटला, काठावरून उडाला आणि जुन्या मासिकांच्या कपाटाखाली गेला. पडेल तिथे, पडेल तसा मोजायचा, हा गुरुजींचा जुना दंडक. मग काय विचारता! मास्तर जमिनीवर पालथे, हेरंबराव पालथे, शैलाताई पदर खोचून पालथ्या, आणि माझा या सगळ्याशी काडीचा संबंध नसताना मीही पालथा! गुरुजी गुडघे धरून खाली बसले आणि म्हणाले, “अरे, कोणीतरी मोबाईलचा उजेड पाडा.”

शिष्याने उजेड पाडला. धुळीत, एका मेलेल्या झुरळाशेजारी, फासा बसला होता.

“सतरा!”

असा आरडाओरडा झाला की खालून ग्रंथपालबाईंनी छताला काठी मारली. दोर धरला गेला. मास्तर एकेका मुलाचं चित्र टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेऊन ठेवू लागले, एक, दोन, तीन, आणि तीळवालं सातवं ठेवताना त्यांनी सरळ डोळे पुसले. हेरंबराव शैलाताईंना म्हणाले, “ताई, मला आधी दिसलंच नाही हो.” ताई म्हणाल्या, “आता दोर नीट धरा.” पण त्या हसत होत्या, आणि त्यांची खुर्ची आता टेबलाला टेकली होती.

सहा वाजत आले. वाचनालय बंद व्हायची वेळ. अलीकडच्या कड्यावर दोघे, राजपुत्र आणि मारेकरीण. दोर पेलून मारेकरीण थकलेली, घटकाभर विसाव्याशिवाय तिची अदृश्य व्हायची विद्या चालणार नाही, आणि घोडा नेतो एकालाच. सेना वीस पावलांवर.

गुरुजींनी टाक उचलून शिष्यापुढे धरला. “राजपुत्राचा रकाना कोरा पडलाय. काय लिहितोस? घोड्यावर कोण बसेल?”

शिष्याने टाक घेतला. हेरंबरावांकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. टाकाचं टोक कागदाजवळ नेलं. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की पुस्तकांना क्रमांक घालणाऱ्या त्या माणसाला मी तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

“माहीत नाही, गुरुजी!”

“आणि मारेकरीण कशी आहे?”

“तेही माहीत नाही!” तो जवळजवळ ओरडलाच. “खरंच माहीत नाही!”

गुरुजींनी फाशांची थैली उचलली आणि त्याच्या हातात ठेवली. “घे. सहा महिने याच उत्तरासाठी थांबलो होतो.”

शिष्य भिंतीवरचा तक्ता काढायला निघाला, तर गुरुजींनी त्याला अडवलं. “राहू दे तो. पुढच्या वेळी पेन्सिल आण, म्हणजे झालं.”

मी जिना उतरलो. उतरताना माझाही एक तक्ता मला आठवत होता. घरातली, कचेरीतली, शेजारपाजारची किती माणसं मी त्यात केव्हाची लावून ठेवली होती! आणि सज्जनांच्या खणात, सगळ्यांत वर, सगळ्यांत ठळक शाईने लिहिलेलं नाव माझं होतं.