देवाचं ताट

अंबाबाईचं दर्शन झालं तवा मला आन् माझ्या बायकूला, सगुणाला, कडाडून भूक लागलेली. गाठीला पैसं एका थाळीपुरतंच. कोल्हापुरात देवळाजवळच्या हाटेलात एकच थाळी मागवली. सगुणानं त्यातली भाकरी मोडली, तसा गल्ल्यावरचा मालक वरडला, "ओ मामा! एका थाळीत दोघं न्हाई चालायचं. मावशीला दुसरी थाळी घ्या, न्हाईतर उठा!"

समदी गिऱ्हाइकं बघाया लागली. माझं टाळकंच सटकलं. ताट त्याच्या डोक्यात घालणार, तंवर सगुणानं माझं मनगट धरलं. भिताडावरच्या पाटीकडं बोट करून म्हणाली, "दादा, त्ये काय लिवलंय?"

मालक छाती फुगवून म्हणाला, "अतिथी देवो भव. गिऱ्हाईक म्हंजी आमचा देव."

"मग आमचं धनी देव झालं, आन् ह्यो त्यांचा निवेद. निवेद कुठला देव एकटा खातो वो? आमच्यात तर परसाद म्हणून समदी वाटून खात्यात."

हाटेलात हशा पिकला. मालकानं हात जोडलं. "जेवा, दोघंबी जेवा. फकस्त देवाला बिल लावत न्हाईत, एवढं म्हणू नगा!"

सगुणानं भाकरीचा तुकडा त्याच्याबी हातावर ठेवला.