तिसरा गाळा आणि तीन दगड

"मग तिघांत खोटं कोण बोलतंय, बाबा?"

मेहबूबबाबा खिचडीचे तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सर्जेराव त्यांचा सल्ला घ्यायला टेकडी धापा टाकत चढून आला होता. मिरजेच्या रस्त्यावर त्याने आणि थोरल्या भावाने दोन गाळे घेऊन भाड्याने दिले होते. व्यवहार सगळा भाऊच बघायचा. गेल्या महिन्यात भाऊ गेला, आणि लगेच शेजारचा तिसरा गाळा विकायला निघाला. उद्या मालकाला हो की नाही ते सांगायचं होतं.

"दादा म्हणतो, तिन्ही गाळे सलग आपले पाहिजेत..." सर्जेराव अडखळला. "म्हणायचा."

बाबांनी एक खडा टिपून बाजूला टाकला.

"करसल्लागार म्हणतो, वहिनीच्या नावावर घे, कर कमी बसेल. बँकेतला म्हणतो, तिला कमाई नाही, कर्ज तुझ्या नावावरच मिळेल. एजंट म्हणतो, नावाचं मागनं बघू, आधी बयाणा दे."

"ते तिघं एकमेकांना भेटलेत?"

"कशाला भेटतील? मीच एकेकाच्या दारात जातोय."

"बरं. चूल मांड."

सर्जेरावने रागारागाने तीन दगड आणून टाकले आणि वर पातेलं ठेवलं. ते कलंडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं.

"एवढे लांब मांडतात होय रे दगड? चूल बघितलीस का कधी?"

"घरी गॅस आहे, बाबा."

बाबा खुदकन हसले.

सर्जेरावने दगड पायाने जवळ सारले. पातेलं नीट बसलं. तो त्याच्याकडे बघतच राहिला...

"म्हणजे तिघांना एका जागी बसवायचं. एकमेकांसमोर बोलू द्यायचं."

बाबांनी जाळ घातला.

"गाळा वहिनीच्या आणि माझ्या, दोघांच्या नावावर होईल कदाचित. हप्ते मी भरीन. काहीतरी वाट निघेल की."

तो उठायला लागला.

"बस. शिजू दे."

डाळ-तांदूळ रटरटू लागले. वाफेचा वास आला, तशी सर्जेरावला भूक लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याला हलकं वाटलं. त्याने डब्यात हात घातला आणि मूठभर मीठ पातेल्यावर धरलं.

बाबांनी त्याचं मनगट पकडलं.

"खाली चिंचेखाली कोण बसलंय?"

"वहिनी. गाडीवर घेऊन आलो. इथं व्यवहाराचं बोलणं होणार, तिला त्यातलं काय कळतंय, म्हणून म्हटलं खालीच बस..."

"गाळा कुणासाठी घेतोयस?"

"तिच्यासाठीच की. दुसरं कोण आहे आता?"

सर्जेरावने खाली पाहिलं. चिंचेखाली वहिनी पदराने वारा घेत वर बघत होती...

सर्जेरावच्या मुठीत मीठ ओलं झालं.

बाबांनी मनगट सोडलं.

"मग मीठ तिला विचारून घाल."